खिडकीची जागा

सायखेडा, मार्च १९९८

दादा,

मस्कतला जाणारं तुझं विमान कुठं गायब झालं, याची गावात रोज नवी गोष्ट निघते. बहिरूकाका म्हणतात इंजिन बंद पडलं, पोस्टमन म्हणतो कुणीतरी पळवून नेलं, मामांच्या मते वादळात वाट चुकलं. ललितावहिनी सगळ्यांना चहा देते, कुणाचंच खोडून काढत नाही.

सहा महिने वाट पाहून काल गंगेवर तुझा दहावा केला. पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, "पोरांना शिकवू." मामा म्हणाले, "घर पुरं करू." कावळे झाडावरून हलेनात.

निघताना तुला एकच घोर होता, खिडकी मिळेल का. वहिनी पुढं झाली आणि हात जोडून म्हणाली, "तुम्हाला खिडकीचीच जागा मिळाली होती. मी विमानाच्या कंपनीत फोन करून विचारलंय."

कावळा लगेच शिवला.

त्या कंपनीत कुणी फोनच उचलत नाही. एसटीडी बूथवर प्रत्येक वेळी तिच्याबरोबर मीच होते. काल वहिनीच्या पाया पडावंसं वाटलं.

जागा खिडकीची होती का, ते तुलाच ठाऊक. नसली, तरी आता होती असंच म्हण.

तुझी धाकटी,
लंका