रविवारी दाजी कुठे होते

कुलाई, ९ जुलै

ती. लाँगताई हिस,
सलाम वि. वि. फोन सोडून पत्र का, म्हणशील. तुझा फोन जलीलदाजी बिनदिक्कत उघडतात, आणि हे त्यांच्याविषयीच आहे.

आमचं डेटा सेंटर उभं राहत आलंय. यंत्रं थंड ठेवणारं पाणी ज्या नळांतून फिरणार, ते दाजींच्या माणसांनी जोडले. शनिवारी त्यांत दाबाने पाणी भरून तोंडं बंद केली. दाबाचा काटा उतरला तर गळती. तो उतरला नाही, पण जरासुद्धा हललाही नाही, आणि तिथेच माझं घोडं अडलंय. आपल्या मलेशियातल्या उन्हात कोंडलेलं पाणी फुगतं, काटा दुपारी थोडा चढतोच. हा मेला ढिम्म! नळातलं पाणी काट्यापर्यंत पोचवणारी, काट्याखालची पाण्याची चावी कुणीतरी बंद केली असणार. तपासणीच्या कागदावर मी सही केली आणि उद्या चालू यंत्रांवर नळ फुटला, तर माझी मान जाईल. रविवारी साइट बंद होती. फाटकाची किल्ली फक्त दाजींकडे आणि त्यांच्या मुकादमाकडे. रविवारी दाजी कुठे होते? त्यांना विचारू नकोस, नुसतं मला कळव.

तुझा लोभ आहेच. या खेपेला तो पानात भाजलेल्या माशाच्या ओताक-ओताकच्या डब्यातून पाठव.
तुझा फौझान

मुअर, १३ जुलै

चि. फौझानला अ. उ. आ.
लहानपणी ताटातला मासा उलटून पाहायचास, तसाच राहिलास. ज्यांनी तुला बोटाला धरून या धंद्यात आणलं, त्यांच्यावर संशय?

आता ऐक. रविवारी शेजारच्या सुरायाच्या लग्नाच्या जेवणाला हे आलेच नाहीत. साइटवर हेल्मेट राहिलं म्हणून गेले, ते दिवेलागणीला परतले. हेल्मेट तर दाराशीच टांगलेलं होतं! तेव्हापासून माझ्या मनात नको ते येतंय. कुणी बाई तर नसेल? हसू नकोस रे. ते खरंच साइटवर आले होते का, एवढं बघून सांग. मला झोप नाही.

डबा पाठवलाय. एकट्याने फस्त करू नकोस.
ताई

कुलाई, १६ जुलै

ती. लाँगताई हिस,
सलाम वि. वि. निर्धास्त झोप. बाई नाही. दाजी साइटवरच होते.

काल सगळ्यांसमोर ती चावी उघडायला लावली. काटा धाडकन शून्यावर आला. दाजींनी मुकादमाकडे बोट दाखवलं. तो बिचारा रडकुंडीला आला, तेव्हा मला राहवलं नाही. रविवारी तुम्ही स्वतः आला होतात, असं बोलून गेलो. कंपनीने काम दाजींकडून काढून घेतलं. तुझं नाव मी घेतलं नाही.

राग मानू नकोस.
फौझान

मुअर, २० जुलै

चि. फौझानला अ. उ. आ.
ह्यांनी माझ्यापाशी कबूल केलं. गळती सापडत नव्हती आणि मुदत संपत आली होती, म्हणे. तू सही केली नाहीस ते बरंच केलंस. मी ह्यांची बाजू घेत नाही.

पण हे रोज एकच विचारतात, फौझानला कुणी सांगितलं? मी म्हटलं, मला काय ठाऊक. लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. आता मी चहा पुढे केला तरी हे आधी माझं तोंड न्याहाळतात. मी बहीण म्हणून तुझ्यापाशी मन मोकळं केलं होतं, आणि तू त्याची साक्ष केलीस.

पत्र धाडू नकोस, टपालवाला दिसला की हे आधी उठतात. तू स्वतः ये, ह्यांच्यासमोर बस आणि मीच ताईला विचारलं होतं, असं सांग. लोभाचं त्यानंतर बघू.
ताई