निळ्या रानातला उघडा तुकडा

हॅझलकोट,
१४ एप्रिल

प्रिय बेव्ह,

तुझी पाठ आता बरी असेल. इथे पाऊस, माझा गुडघा आणि मांजर, तिघेही कुरकुरतात. मांजर नवं आहे. आपण बोलून तीन वर्षं झाली, म्हणून सांगितलं.

अजूनही दर रविवारी हवेलीच्या रानात मी लोकांना फुलं दाखवायला नेते. पगार नाही, हिरवं जाकीट मिळतं. ते घातलं की मी छाटायचं राहिलेलं झुडूप दिसते. पहिला नियम मीच सांगते, पायवाट सोडायची नाही. ब्लूबेलचं निळं फूल पायाखाली आलं की वर्षानुवर्षं रुसतं. लोक माना डोलावतात आणि माफी मागत मागत फोटोसाठी आत घुसतात.

यंदा सगळं रान निळं आहे, पण बीचच्या मोठ्या झाडाखाली जेवणाच्या टेबलाएवढी जागा उघडी राहिली. एका निवृत्त मास्तरांनी कारण विचारलं. हरणं, म्हटलं मी. सगळ्यांनी हरणांना नावं ठेवली. आमचा म्हातारा माळी आयव्हर तेवढा वाकून माती चाचपत होता. लोक पांगल्यावर म्हणाला, "लोर्नाबाई, हरणं फुलं खातात, राख नाही टाकत. कोणाची होती?"

बेव्ह, आईची राख माझ्या कपाटात आहे असं गेल्या नाताळच्या कार्डात लिहिलं होतं, ते खोटं. फुलोऱ्यात दोघी मिळून टाकू, असं आपलं ठरलं होतं. मग अंत्यविधीनंतरच्या चहाला मी तुला सगळ्यांदेखत 'पाहुणी' म्हटलं. आईच्या आजारपणात दोनदाच आलीस, म्हणून. तेव्हा वाटलं, काय छान बोलले. हसलं कुणीच नाही.

दोन फुलोरे गेले, तू फोन उचलला नाहीस. गेल्या मे महिन्यात फेरी संपल्यावर मी पायवाट सोडली. मुठीमुठीनं पसरायला हात होईना, निम्म्या मुठी तुझ्या होत्या. सगळी एकाच जागी ओतली आणि पळाले.

आयव्हर म्हणतो, विरळ पसरली असती तर फुलांना कळलंही नसतं. ढीग मुळांना सोसत नाही. राखेसकट वरची माती तो काढून देईल, पण पसरायची ती घरच्यांनी. अठ्ठावीस तारखेपर्यंत थांब म्हटलंय त्याला.

त्या दिवशीची फेरी पाच नावं झाली तरच निघते. चार झालीत. पाचवं तुझं लिहिलंय, पेन्सिलीनं.

तोवर सगळं हरणांवर ढकलणारी,
तुझी धाकटी,
लोर्ना