मी ‘मला’ लिहायला हवं होतं

अक्का, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. नागपूरहून नोकरीसाठी बंगळुरूला आले तेव्हा त्या पंपांच्या सरकारी कारखान्यात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, आणि टेस्ट बेवर, म्हणजे तयार पंप चालवून तपासायच्या त्या शेडमध्ये, काम करणाऱ्या बाई इंजिनिअरही तुम्ही एकट्याच. मी दुसरी. पहिल्याच आठवड्यात गेजकडे न बघता मी अंदाजानं दाब लिहिला. तुम्ही वही माझ्यासमोर परत ठेवलीत. "अंदाज घरी, भाजीत मीठ घालताना. इथे उठून बघायचं." सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस फुगून बसले, आणि त्याच रविवारी तुम्ही मला बसवनगुडीच्या घरी जेवायला बोलावलंत. ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. कणकेच्याच हातांनी तुम्ही एक जुनं लाटणं ओट्यावर लोटता. "स्वल्प बघ, कुठे उडी मारतंय?" लाटणं किंचित वाकलेलं, दर फेरीला एकाच जागी ठक् वाजतं. "शाफ्ट वाकला की असाच वागतो. आता सांग, कुठलं बेअरिंग आधी जाईल?" चार वर्षं कॉलेजात जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते पोळ्या होईपर्यंत कळलं.

टेस्ट बेजवळ बायकांसाठी टॉयलेट नव्हतं. ऑफिसच्या इमारतीत जाऊन यायला वीस मिनिटं लागत. तुम्ही त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत होतात. मी दोन वर्षांतच कंटाळले. उकाडा, तेलाचा वास, पाणी न पिता काढलेले दिवस, त्यात नुकतंच लग्न झालेलं. डिझाइनमध्ये एक जागा रिकामी झाली तेव्हा तुम्हाला न सांगता मी बदलीचा अर्ज केला. त्यात ‘मला इथलं काम जमत नाही’ एवढंच लिहायचं होतं. पण तसं लिहिलं तर मी कमी पडले असं दिसलं असतं. म्हणून मी लिहिलं की महिला अभियंत्यांना टेस्ट बेवरचं काम सोयीचं नाही. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "बरं झालं, तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिलंत." महिन्याभरात ऑर्डर निघाली की यापुढे टेस्ट बेवर बायकांना नेमायचं नाही. मला डिझाइन मिळालं. टेस्ट बेवर एकवीस वर्षं काढलेल्या तुम्हाला मॅन्युअल तपासायचं टेबल मिळालं.

ऑर्डरला माझ्या अर्जाची प्रत जोडलेली होती. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही ती हातात घेऊन माझ्याकडे आलात.

"हे तू लिहिलंस?"

"साहेबांनी लिहून घेतलं, अक्का."

साहेबांनी काहीच लिहून घेतलं नव्हतं. तुम्ही त्या कागदाची घडी घातलीत. मग म्हणालात, "सरी, ठीक आहे. दमली होतीस तर सांगायचंस की. तुझ्या बदलीसाठी मीच शब्द टाकला असता." त्यानंतरही तुम्ही मला रविवारी बोलावत राहिलात आणि मी कारणं सांगत राहिले. तुम्ही त्याच टेबलावरून निवृत्त झालात. आजारी आहात हे कळलं, बनशंकरीतल्या माझ्या घरापासून तुमचं घर रिक्षानं पंधरा मिनिटांवर, तरी मी आले नाही.

आता मी होसकोट्याच्या एका खासगी कारखान्यात प्लँट हेड आहे. गेल्या आठवड्यात नव्या मुलींसाठी कार्यक्रम होता. मी तुमच्याबद्दल बोलले. आम्ही दोघी त्या शेडमध्ये टिकून राहण्यासाठी कशा लढलो, असं बोलले. आमच्या टेस्ट लाइनवरच्या पुण्याच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅम, मग त्यांना तिथून हलवलं का?" मी म्हटलं, "तेव्हा सिस्टिमच तशी होती." टाळ्या पडल्या. तिनं वाजवल्या नाहीत, किंवा मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सगळं खरं सांगितलं, अर्जातल्या त्या ‘महिला अभियंत्यांना’ या शब्दांसकट. तिनं ते उभ्यानंच ऐकलं.

"त्या परत कधी टेस्ट बेवर गेल्या?"

"नाही."

"आणि ती ऑर्डर रद्द करा असं तुम्ही कधी म्हणालात?"

"नाही."

तिनं घड्याळात पाहिलं. "मॅम, तीन वाजता एक टेस्ट लावलीय. जाऊ मी?" मी जा म्हटलं.

हे पत्र कुठे टाकणार. तुमच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे, तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. फक्त एक सांगते. ती दारापर्यंत जाईस्तोवर मी तिच्याकडे बघत होते, वळून ‘जाऊ द्या हो मॅम’ म्हणेल म्हणून. तिला मी त्यासाठीच बोलावलं होतं, अक्का.