आठ दिवसांची तार

६ डिसेंबर १९७१, सोमवार
लढाईचा चौथा दिवस. कॉलेज बंद. खोलीतला जोडीदार भान्या काल गावाला गेला, कर्जतकडं. मला कोल्हारहून अब्बांचं कार्ड: आहेस तिथंच राहा, गाडीत बसू नको. म्हणजे खोलीत मी, दोन खाटा आणि काळे कागद डकवलेली खिडकी. दिवा लावला की खालून घरमालक नाना ओरडतात.

भान्याच्या आईला मी मावशी म्हणतो. मुलगा घरी असूनही तिनं डबा थांबवला नाही. आज दहाच्या कर्जत गाडीतून डबा आला, एकट्या माझ्यासाठी. तीन भाकरी, पिठलं.

८ डिसें.
नानांनी चहाला बोलावलं. चहा चांगला होता. मग कागद पुढं केला. पाकिस्तानात माझे कोणीही नातेवाईक नाहीत, असं लिहून सही कर म्हणाले. तुझ्यावर संशय नाही रे, पण कुणी विचारलं तर जवळ असावं.

लिहून दिलं. खोटं त्यात काही नाही. आम्हा पिंजाऱ्यांचं सगळं खानदान कोल्हारच्या पाच कोसांत. गाद्या भरायला अब्बा मनमाडच्या पुढं कधी गेले नाहीत. तरी सही करताना हात चोरासारखा चालला. त्याचाच राग येतोय.

१० डिसें., शुक्र.
तार आली. भान्याच्या वडिलांच्या नावानं, पत्ता आमच्या खोलीचा. सोपानदादानं, भान्याच्या थोरल्या भावानं, पलटणीत हाच पत्ता दिलाय. गावात टपाल आठवड्यातून एकदा येतं आणि इंग्रजी वाचणारं कुणी नाही. एकमेकांची टपालं फोडायची आमची रीतच आहे. सही केली, फोडली.

सोपानदादा पाच तारखेपासून बेपत्ता.

उद्या पहिल्या गाडीनं जायचं.

११ डिसें.
गेलो नाही. स्टँडपर्यंत गेलो, गाडी लागलेली होती, बघत उभा राहिलो. दोन-चार दिवसांत लढाई संपेल, दादा सापडेल, उगाच त्यांना कशाला रडवा, असं मनाला सांगितलं. खरं कारण लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय. ही बातमी घेऊन त्या गावात दस्तगीर पिंजारी उतरतोय, हे मला नको होतं. भीती वाटली, बाकी काही नाही.

परत येताना डबा घेतला.

१४ डिसें.
डबा रोज येतोय. कंडक्टर रोज मावशीचा निरोप सांगतो: सोपानचं पत्र आलं का इचारलंय. मी म्हणतो, नाही आलं. पत्र आलेलं नाहीच, तेव्हा हे खोटं नव्हे, अशी माझी वकिली. आज शेंगांची चटणी होती, मला आवडते म्हणून. लाज वाटत होती आणि सगळी खाल्ली.

१६ डिसें., गुरु.
जिंकलो. गल्लीत फटाके, पेढे. नानांनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी गिळेपर्यंत बघत राहिले. मला आनंद झालाय, खरंच झालाय. पण दाखवायला गेलो तर जास्त वाटतो, गप्प बसलो तर कमी.

तार ट्रंकेत. आता थांबायला सबबही उरली नाही.

१९ डिसें., रवि.
काल गेलो. मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून हसली. डबा कमी पडला का, म्हणाली. मी तार भान्याच्या हातात दिली. त्यानं आधी मजकूर वाचला, मग तारीख.

"धा तारकंची हाय ही. आठ दिस तू काय करत हुतास दस्त्या?"

उत्तर होतं, पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. माणसं जमली. ओट्यावरचा एक जण म्हणाला, ह्यांना बरंच वाटलं आसंल. भान्यानं ते ऐकलं. तार घडी घालून खिशात ठेवली. मावशीला बायांनी धरून आत नेलं.

ज्याला भीत होतो तेच झालं, आणि मीच केलं. दहा तारखेला गेलो असतो तर नुसता तार आणणारा राहिलो असतो.

३ जाने. १९७२
कॉलेज सुरू. भान्या आला, वळकटी उचलली, दुसरीकडं खोली घेतली. वर्गात गोष्ट पोचलीय, वाढून पोचलीय. बाकावर मी एकटा, ऐसपैस.

९ जाने.
अब्बा आले. म्हणाले, छोड़ दे, घर कू चल. गेलो तर पळाला म्हणतील. राहिलो तर रोज हेच. बघतो म्हणालो. अब्बांनी गादी उसवून कापूस पिंजून दिला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

२२ जाने., शनि.
आज मावशी आली. एकटी, भान्याला न सांगता. उंबऱ्यातच बसली, पाणी प्यायली.

"तुमची मानसं आसत्याल की तिकडं," म्हणाली. "मामा, काका, कुनीबी. माझा सोपान तिकडं तुरुंगात आसंल तर बघून ये म्हनावं. जेवतो का, एवढंच बघ म्हनावं."

टोमणा नव्हता. आजवर हा प्रश्न मला कुणी आशेनं विचारला नव्हता. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण या बाईची मी आठ दिवस फसवणूक केलीय.

"हायेत," म्हणालो. "मामा हायेत. कराचीला."

मामा दोन वर्षांपूर्वी कोल्हारात वारले. मातीला मी होतो.

दार उघडंच होतं. खाली ओट्यावर नाना पेपर वाचत होते. पानांचा आवाज थांबला. माझ्या सहीचा तो कागद त्यांच्याचकडं आहे.

तिनं सांगितलं ते लिहिलं. उजव्या भुवईवर विळ्याची खूण. डाळ पातळ लागते. तिकडचं टपाल बंद आहे हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. पाकिटावर मामांचं नाव घातलं, मोहल्ला मनानंच. मागं माझं नाव आणि या खोलीचा पत्ता, कारण ती म्हणाली, जबाब मग कुठं येनार? पाकीट मी ठेवून घेणार होतो. तिनं दिलं नाही. कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकलं, बोटं आत घालून खाली पडलं का बघितलं, आणि तीनच्या गाडीनं गेली.

पेटी साडेचारला उघडतात. पोस्टमनला विनवलं तर पाकीट मिळेलही. पण जायचं नानांच्या समोरून, आणि ते अजून ओट्यावर आहेत. समजा मिळालं, तर ते फाडायचं कुणी? माझ्यानं होणार नाही.

सव्वाचार झालेत.