माल्बेकसंगं सुकं मटण

प्रिय आई,

तुझ्या अनुजाचा अर्जेंटिनातनं नमस्कार. मी मजेत हाय. बाबांचा गुडघा कसा हाय? खरं कळव.

आमच्या हॉटेलात माल्बेक नावाच्या लाल वाईनसंगं काय वाढायचं, ते मालकिणीनं माझ्यावर सोपवलं. चाखावी लागते, पण घोटभरच घेते की! चव पिकल्या जांभळावाणी.

आधी तांबडा रस्सा केला, तर तिखटानं वाईन कडू लागली. मी रडलेच, पण ते जाऊ दे. मग तिखट कमी करून, तुझ्यावाणी खोबरं-तीळ भाजून सुकं मटण केलं. गिऱ्हाइकांनी पावानं ताटं पुसली!

"मेनूत नाव काय घालू?" मालकिणीनं विचारलं.

"हौसाबाई मटण," मी म्हटलं.

आता इथली माणसं रोज तुझं नाव घेऊन जेवण मागत्यात.

तुझ्या चवीवर वाढलेली,
अनुजा