चिंध्या कोंबलेली खिडकी

शेवंता,

जन्मभर तुला ‘अगं’ म्हणत आलो. कागदावर ‘अगं’ म्हटलं तर कुणाला कळणार, म्हणून नाव लिहिलं. रागावू नकोस.

आज लिहायला बसलो, कारण सकाळी सुरेखानं माळ्यावरून तुझी सोनं गाळायची मूस काढली. सराफ गल्लीतून झाडून आणलेली, सोन्याचे कण असलेली धूळ तिनं धुऊन ठेवलीय. आता त्या धुळीत पारा मळायचा, सोनं धरलेली गोळी मुशीत तापवून पारा उडवायचा, राहिलेलं सोनं सराफाला द्यायचं. तुझ्यासारखंच. आणि आपली सून पोटुशी आहे गं!

मी ओरडलो, तर म्हणते, “मामा, तुम्ही लई भेता. आत्यांनी जन्म काढला की ह्यात.”

“म्हणूनच गेली,” तोंडातून निघून गेलं.  

खरंच त्या पाऱ्यानंच गेलीस का? कुणाला ठाऊक! त्या साथीत खोकला, दम कुणाला नव्हता? दवाखान्यात कोरोना म्हणाले. पण तुझे हात तर त्याच्या कितीतरी आधीपासून कापायचे. बशी वाजायची, अन् तू म्हणायचीस, “बशीलाच थंडी वाजतीय.” हसायचो आपण. का हसायचो?

परवा दवाखान्याकडून आशाताई सुरेखाला बघायला आली होती. तापलेल्या पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, श्वासातून आत जाते, पोटातल्या बाळापर्यंत पोचते म्हणाली. सुरेखानं ऐकून घेतलं. पण जे दिसत नाही ते पटतं कुठं?

आधी तू अंगणात लिंबाखाली तापवायचीस. वारा वाफ घेऊन जायचा. कुणाच्या घरात नेली असेल? आता शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघवत नाही.

मग साथ आली, अन् तू मूस मागच्या खोलीत नेलीस. खिडकी लावलीस, फटींत चिंध्या कोंबल्यास. “तुम्हाला दमा हाय, बाहेरची हवा लागंल.” आपल्यात आधीच ‘बाहेरचं’ म्हटलं की भुताखेताची धास्ती! कुणी फणफणलं की लिंबू उतरवायचं, दार लावायचं. घरातलीच हवा वाईट असेल, हे कुणी सांगितलंच नाही. माझ्यासाठी खिडकी लावलीस अन् आत स्वतः बसलीस. असं करतं का कुणी?

पाऱ्याची बाटली सुरेखाकडून काढून घेतली, ती समोर आहे. विहिरीत टाकवत नाही, रानात पुरायला मन होत नाही. आशाताईला विचारलं, तर म्हणाली, “कुठंच टाकू नका आजोबा, बूच घट्ट लावा, मी विचारून सांगते.” तोवर दहा वेळा बूच बघतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, “बूच झिजंल अवं!”

शब्द देतो शेवंता, या घरात पुन्हा मूस तापणार नाही. सुरेखा रुसली तर रुसू दे. आणि त्या चिंध्या आजच काढतो. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या आहेत, म्हणून इतकी वर्षं हात लावला नव्हता. बाळ येईल तेव्हा खिडकी सताड उघडी असेल.

तू जन्मभर ज्याला ‘अवं’ म्हणालीस तो,
नामदेव
नळदुर्ग