तुझ्याकडे न आलेले फोन

अमरावती,
गुरुवार, १५ मे

प्रिय रागिणी,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आज दुपारी सागर कंपनीत आला होता, तुझ्या राहिलेल्या वस्तू न्यायला. पाण्याची बाटली, स्वेटर आणि कप्प्यातली ती निळी वही. तो आज इथेच मित्राकडे राहून उद्या सकाळच्या बसने बाळापूरला परत जाणार आहे. हे पाकीट मी त्याच्याच हाती देईन. तो सांगत होता की अकोल्याच्या एका दवाखान्यात फोन आणि चौकशीच्या टेबलावर मुलगी हवी आहे, सोमवारी मुलाखत आहे, आणि तू जायला तयार नाहीस. 'मले फोनचं काम येत नाही, कंपनीनं कागदावर लिहून दिलं' असे तू घरी सांगतेस म्हणे. तुझ्या आईला ते पटले आहे. तुझ्या या भावाला पटलेले नाही. मलाही नाही, आणि मला न पटण्याला कारण आहे. ते मी सुरुवातीपासून लिहिते. तू शेवटपर्यंत वाच, मध्येच बाजूला ठेवू नकोस.

इथे सगळे आहे तसेच आहे. ऊन पंचेचाळीसच्या वर गेले आहे. फोनच्या खोलीतला कूलर दुपारी दोननंतर नुसता आवाज करतो. तुझ्या खुर्चीवर परतवाड्याची एक मुलगी आली आहे, चांगली आहे, पण डबा खाताना मोबाइल बघते. कौशल्याताई अजूनही डब्यात लोणच्याच्या दोन फोडी जास्त आणतात. एक माझी. दुसरी कोणाची हे त्या बोलून दाखवत नाहीत, आणि जेवण झाल्यावर ती परत डब्यात ठेवतात.

नवीन सिस्टिम यायच्या आधीचे आपले काम तुला आठवत असेल. पाच जणींच्या पाच टेबलांवरचे फोन एकदम वाजायचे आणि जिचा हात आधी पडेल तिचा कॉल. कधी दोघी एकदम उचलायच्या, कधी कोणीच नाही. ठिबक बंद पडलेला शेतकरी तिकडे फोन कानाला लावून उभा. मी नोकरीच्या मुलाखतीत कुलदीप सरांना हेच सांगितले होते, की आमच्या शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत घराजवळ रेंज येत नाही, बाबा कंपनीला फोन लावायला विहिरीच्या थारोळ्यावर, काठाच्या उंच दगडी ओट्यावर, चढतात आणि सात-आठ मिनिटे उन्हात तसेच उभे राहतात. मी कंपनीत आले तर हे उभे राहणे कमी करीन. सर हसले होते, पण त्यांनी मला घेतले. मी हे अगदी मनापासून म्हटले होते, आणि आजही मनापासूनच म्हणते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. बाबांनी माझी बी.एस्सी.ची पदवी तुकडोजी महाराजांच्या फोटोशेजारी टांगली आहे. मला वाटायचे, त्या चौकटीचे काहीतरी झाले पाहिजे, नुसती भिंतीवर राहता कामा नये.

जानेवारीत नागपूरचा इंजिनीअर सिस्टिम बसवायला आला तेव्हा सरांनी मला त्याच्याजवळ बसवले. तू शिकून घे, म्हणाले, तुझे शिक्षण कॉम्प्युटरचे आहे. एक दाबा, दोन दाबा हे सगळ्यांना दिसले. खरे काम त्याच्या मागे असते. शेतकऱ्याने तक्रारीसाठी दोन दाबले की तो कॉल पाचपैकी कोणाकडे वळवायचा, हे मशीन ठरवते, आणि कसे ठरवायचे हे आधी आपण त्याला सांगायचे असते. इंजिनीअरने तीन पर्याय दाखवले. पाळीपाळीने द्यायचा. किंवा जी जास्त वेळ मोकळी बसली असेल तिला द्यायचा. किंवा जिचे बोलणे सरासरी सगळ्यांत कमी वेळात आटोपते, ती मोकळी असेल तर आधी तिला. सर म्हणाले, तुला काय वाटते. मी तिसरा सांगितला. कारण उघड होते. लवकर आटोपणारीकडे कॉल गेले तर रांग लवकर पुढे सरकेल आणि थारोळ्यावरचा माणूस लवकर खाली उतरेल. मी कागदावर हिशोबही करून दाखवला. इंजिनीअरने माझ्यासमोर त्या ओळीवर खूण केली आणि तो दुपारच्या गाडीने निघून गेला.

हा नियम मी निवडला होता, रागिणी. तुला हे माहीत नाही. तुला वाटत होते, सिस्टिम नागपूरहून तशीच आली.

पंधरा दिवसांत थांबण्याचा वेळ चार मिनिटांवरून दीड मिनिटावर आला. सरांनी सगळ्यांसमोर माझे नाव घेतले, मला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले. त्याच पंधरा दिवसांत तुझा फोन मुका झाला. तू हेडफोन बदललास. वायर काढून पुन्हा लावलीस. एक दिवस कौशल्याताईंशी खुर्ची बदलून बसलीस, तरी काही नाही. सकाळी आठ ते नऊ, सगळ्याजणी बोलण्यात असल्या की तुझ्याकडे पाच-सहा कॉल यायचे, मग दुपारपर्यंत शांत. तू वहीत रेघा मारत बसायचीस. कोणी थट्टा केली की तू म्हणायचीस, मी तर पगारी पाहुणी आहे. आम्ही हसायचो. मीही हसायचे.

तुझे कॉल लांबायचे हे खरेच होते. तू आधी विचारायचीस, कोणतं गाव? मग त्या गावातले कोणीतरी तुझ्या ओळखीचे निघायचे, नाहीतर तुझ्या मावशीच्या. आपल्याकडचा माणूस गाव-नाव जुळल्याशिवाय खरी तक्रार सांगतच नाही, 'पाणी येऊन नाही राहिलं' एवढेच सांगतो. गाव जुळले की मग सांगतो की विहीर खोल केली, पाणी शेवाळाचे झाले, पोराने फिल्टरची जाळी उलटी बसवली. मग तू त्याला फोन चालू ठेवून फिल्टरपर्यंत चालत न्यायचीस, झाकण उघडायला लावायचीस, जाळी धुऊन परत बसवेपर्यंत थांबायचीस. अकरा मिनिटे, कधी चौदा. आम्ही बाकीच्या 'तक्रार नोंदवली, माणूस येईल' म्हणून दोन मिनिटांत मोकळ्या. सिस्टिम आल्यावर बोलायची वाक्ये लिहून द्यायचे काम माझेच होते, आणि त्यातून मी गाव विचारणे काढून टाकले. तालुका स्क्रीनवर दिसतोच, मग विचारायचे कशाला, असे मला वाटले.

मार्चमध्ये सरांनी महिन्याचा रिपोर्ट मागितला. एका पानावर बसव, म्हणाले. मी तीन रकाने ठेवले, नाव, घेतलेले कॉल, एका कॉलला लागलेला वेळ. तुझ्या नावापुढे कॉल सगळ्यांत कमी आणि वेळ सगळ्यांत जास्त. सरांना त्याचा एकच अर्थ लागला, की ही मुलगी फोन उचलत नाही, आणि उचलला तर गप्पा मारते. त्यांनी तुला केबिनमध्ये बोलावून तो कागद दाखवला. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात तो कागद होता. तू माझ्या टेबलापाशी थांबून म्हणालीस, "सीमा, मले वाटलं होतं मी चांगलं बोलते." आणि गेलीस. बाटली, स्वेटर, वही तशीच राहिली.

त्यानंतरचे तुला ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात आपला मेकॅनिक बंडूभाऊ खोलीत आला आणि सगळ्यांवर चिडला. म्हणाला, "वाडेगावपर्यंत मले जाळी धुवाले पाठवून राहिले तुमी. पहिले तर हे फोनवरच होत होतं." दीडशे किलोमीटर गाडी हाकून गेला होता तो, आणि काम दहा मिनिटांचे. मी तुझी वही काढली. न विचारता काढली, त्याबद्दल रागाव. त्यात तू प्रत्येक माणसाचे गाव, पीक आणि काय बिघडले होते ते लिहिले आहेस. जानेवारीपासूनची ती नावे मी सिस्टिममध्ये शोधली. तू ज्यांच्याशी बोललीस त्यांतल्या बहुतेकांचा त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन आलेला नाही. माझ्याशी बोललेल्यांचा तीन-तीनदा आला आहे. माझे दीड मिनिट खरे होते, पण तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत, आणि बंडूभाऊ पोचेपर्यंत बाग कोरडी. माझ्या हिशोबात बाग नव्हतीच.

वाडेगावच्या डोमाजींची लिंबाची बाग तुझ्या वहीत चार वेळा आहे, दर वेळी वेगळ्या तक्रारीसाठी. मी त्यांना स्वतः फोन लावला, ठिबक कसे चालले आहे विचारायला. ते म्हणाले, चालले आहे ठीक. मग म्हणाले, "थे बाळापूरची बाई कुठी गेली? तुमी लिहून घेता, थे आयकून घेत होती." मी सांगितले, ती आता इथे नाही. त्यांनी विचारले, काहून.

मंगळवारी मी सगळे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकले. नियम बदलायला सांगितले, आणि तो बदलायला मला एक मिनिटही लागले नाही. आता जी जास्त वेळ मोकळी आहे तिच्याकडे कॉल जातो. गाव विचारणे पुन्हा सुरू केले आहे. तुझ्या जागेबद्दल ते म्हणाले, जागा भरली गेली, पुढे बघू. त्यांच्या 'पुढे बघू'वर मी तुला अडकवून ठेवणार नाही. मला कोणी काही बोलले नाही. कंपनीच्या लेखी यात चूक अशी झालेलीच नाही. म्हणून मी एक कागद तयार केला आणि त्यावर सरांची सही मागितली. त्यांनी दोन दिवस लावले, पण आज सकाळी केली. तो या पाकिटात आहे. रिपोर्ट तोच आहे, फक्त त्यात चौथा रकाना आहे. सिस्टिमने प्रत्येकीकडे किती कॉल पाठवले, तो. तुझ्या नावापुढे बघ. पाठवलेले एकशे बारा, घेतलेले एकशे बारा. तू एकही कॉल सोडलेला नाहीस. खाली मी लिहिले आहे की कॉल कमी पाठवण्याचा नियम कोणी ठरवला होता, आणि माझे पूर्ण नाव व नंबर आहे. सोमवारी दवाखान्यात विचारतील, आधीचे काम का सुटले. तेव्हा हा कागद पुढे कर. त्यांना माझ्याशी बोलायचे असेल तर खुशाल बोलू दे. पण तू जा. दवाखान्यात फोन करणारा माणूसही गाव जुळल्याशिवाय कुठे दुखते ते सांगणार नाही.

आता जे राहिले ते लिहिते. त्याच्यासाठीच हे पत्र आहे, कागद तर सागरजवळ नुसताही देता आला असता. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, सगळ्या मोकळ्या बसलेल्या असताना, तू ओढणीखाली मोबाइल धरून आपल्याच कंपनीचा नंबर लावलास आणि दोन दाबलेस. तुला बघायचे होते की तुझा फोन वाजतो का. तो माझ्याकडे आला. माझ्या स्क्रीनवर तुझा नंबर होता आणि तू माझ्यापासून दोन टेबलांवर होतीस. मी म्हटले, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" तू म्हणालीस, "काही नाही, चुकून लागला," आणि ठेवलास. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही. रागिणी, तुझ्याकडे कॉल का येत नाहीत हे मला त्या क्षणी कळले होते. मार्चमध्ये नाही, बंडूभाऊ आला तेव्हा नाही. त्या शनिवारी सर मला टीम लीडर करणार होते आणि ते त्या नियमामुळेच करणार होते, म्हणून मी गप्प बसले. चौथा रकाना पानावर बसत नव्हता असेही नाही. बसत होता. मी काढला. तू मला माफ कर असे मी म्हणत नाही, ते तुझे तू बघ. तुझा नंबर मी सिस्टिममध्ये घातला आहे. त्यावरून कॉल आला तर एक-दोन काही न दाबता तो सरळ माझ्याकडे येईल, माझे बोलणे चालू असेल तरी दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही. सोमवारी मुलाखत झाली की लाव. शिव्या द्यायच्या असल्या तरी लाव. या वेळी मी ते लिहून दिलेले वाक्य म्हणणार नाही.

तुझीच,
सीमा